आपण दिलं ते कायमचं, मिळालं ते उसनं: वाणिज्य मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री
आणि वाणिज्य विभागातील वाटाघाटी करणारे अधिकारी,
वाणिज्य भवन, नवी दिल्ली

वाशी, नवी मुंबई
नोव्हेंबर २०२५

महोदय,

अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी सुरू असताना मी तुम्हाला २०२३ सालाची आठवण करून देणार आहे. त्या वर्षी जूनमध्ये, पंतप्रधानांच्या वॉशिंग्टन भेटीत, दोन्ही देशांनी जागतिक व्यापार संघटनेतले सहा तंटे आपसात मिटवले. सप्टेंबरमध्ये आपण अमेरिकी सफरचंद, अक्रोड, बदाम, हरभरा आणि मसूर यांच्यावरची जादा ड्युटी काढून टाकली. त्या बदल्यात अमेरिकेने एक गोष्ट कबूल केली होती. स्टील-ॲल्युमिनियमच्या शुल्कातून सूट मागणारे जे अर्ज येतील, त्यांतले भारतीय स्टीलचे ७० टक्के आणि ॲल्युमिनियमचे ८० टक्के अर्ज मंजूर व्हायचे होते. १० फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी ती अर्जाची पद्धतच बंद केली. सप्टेंबर २०२३ पासून तेव्हापर्यंत दीड वर्षही झालं नव्हतं. आपली ड्युटी मात्र उतरली ती उतरलीच.

आपण दिलेलं कायमचं होतं आणि आपल्याला मिळालेलं समोरच्याच्या मर्जीवर होतं. पुढच्या करारात हे पुन्हा होऊ देऊ नका, यासाठी हे पत्र. समोरच्याने शब्द फिरवला तर आपली ड्युटी आपोआप परत लागेल, असं कलम करारात हवं. आणि ती ड्युटी कुठल्या मालावर लावायची हे ठरवताना, ज्यांच्या खिशातून ती जाते त्यांना आधी विचारायला हवं. हे दोन्ही मला वेगळे मुद्दे वाटत नाहीत. का, ते पुढे सांगते.

मी कस्टम्स ब्रोकर आहे, म्हणजे आयात-निर्यातीच्या मालाची कस्टम्समधली कागदपत्रं करून देते. बंदरावर आणि बाजारात आम्हाला अजून सीएचए (कस्टम हाउस एजंट) म्हणूनच ओळखतात. ऑफिस वाशीत, काम न्हावा शेवाला. माझ्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. एक, एपीएमसीच्या मसाला मार्केटमधले सुकामेव्याचे आयातदार. दुसरे, रबाळे, महापे, पावणे इथल्या एमआयडीसीतले छोटे इंजिनिअरिंग कारखानदार. पहिल्यांच्या बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीची कागदपत्रं, मी भरते; दुसऱ्यांची शिपिंग बिलं, म्हणजे निर्यातीची. दोघांच्या मध्ये ठाणे-बेलापूर रस्त्याचा एक तुकडा आहे आणि बहुतेकांना एकमेकांचं नावही ठाऊक नसतं. २०१८ मध्ये अमेरिकेने स्टीलवर शुल्क लावलं तेव्हा मार रबाळ्याला बसला. २०१९ मध्ये भारताने उत्तर दिलं तेव्हा त्याचा खर्च वाशीने भरला. २०२३ मध्ये तडजोड झाली तेव्हा माझ्या क्लायंटपैकी कुणालाही, ना इकडच्या ना तिकडच्या, एका शब्दाने विचारलं गेलं नव्हतं.

ती गोष्ट तुमच्या फायलींमध्ये असेलच. बाजारातून ती कशी दिसली ते सांगते. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण पुढे करून स्टीलवर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावलं. जूनमध्ये भारताने जादा ड्युटीची यादी जाहीर केली आणि ४ ऑगस्ट ही तारीख दिली. ती पुढे गेली. मग पुन्हा पुढे गेली. जवळजवळ वर्षभर तारखा पडत राहिल्या आणि सरत राहिल्या. प्रत्येक तारखेच्या आधी आयातदार विचारायचे, माल आत्ताच उतरवून घेऊ का? सुरुवातीला मार्केटमध्ये खरंच घाई झाली. नंतर मात्र तारीख आली तरी कुणी फोन करेनासं झालं. मसाला मार्केटमधल्या माणसालाही जे कळलं, ते वॉशिंग्टनला कळलं नसेल असं मी मानत नाही. अमेरिकेने ५ जून २०१९ रोजी भारताची जीएसपी सवलत काढून घेतली. विकसनशील देशांच्या ठरावीक मालाला बिनशुल्क प्रवेश देणाऱ्या त्या योजनेचा सर्वांत मोठा लाभ भारताला होत होता. मग कुठे १५ जूनला, शनिवारी, आपली अधिसूचना निघाली आणि रविवारपासून २८ अमेरिकी वस्तूंवर जादा ड्युटी लागली.

वर्षभर धमकी देऊन अखेर एका रात्रीत अंमल! दोन्ही टोकं चुकीची होती. कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम १५ प्रमाणे ड्युटीचा दर धरला जातो तो बिल ऑफ एंट्री दाखल केल्याच्या तारखेचा किंवा जहाजाला एन्ट्री इनवर्ड, म्हणजे माल उतरवण्याची परवानगी, मिळाल्याच्या तारखेचा, यांतली जी नंतरची असेल तिचा. सौदा कधी झाला, कंटेनर तिकडे जहाजावर कधी चढला, याला त्यात काही किंमत नाही. कॅलिफोर्नियाहून निघालेला बदाम इथे पोचायला महिन्याहून जास्त लागतो. म्हणजे जुन्या ड्युटीचा हिशेब धरून ज्यांनी माल विकूनही टाकला होता, त्यांनी समुद्रावरच्या कंटेनरवर नवी ड्युटी भरली. अमेरिकेला त्यातून काय कळलं असेल? तिकडच्या शेतकऱ्याचे पैसे तर कधीच पोचले होते. आणि हेही पाहा की ज्या अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्यावर इतकं कठोर शुल्क लावलं, तिने स्वतःच्या आयातदारांना मात्र सांभाळून घेतलं. ७ ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेल्या आणि ५ ऑक्टोबरपूर्वी तिकडे दाखल होणाऱ्या मालाला नवा दर लागला नाही. २७ ऑगस्टपासून लागलेल्या आणखी २५ टक्क्यांनाही तशीच सूट होती, १७ सप्टेंबरपर्यंतची. आपल्या अधिसूचनेत अशी एक ओळ घालायला किती वेळ लागतो?

आता मुख्य गोष्ट, सफरचंद आणि बदामाची. प्रत्युत्तर म्हणून लावलेली ड्युटी कुठे चालते आणि कुठे फसते, हे मला या दोन फळांनी जितकं नीट शिकवलं तितकं कुठल्या परिसंवादाने शिकवलं नाही.

अमेरिकी सफरचंदावर ५० ची ७० टक्के ड्युटी झाली. बाकीच्या देशांच्या सफरचंदावर ५० टक्केच राहिली. एपीएमसीच्या फळ मार्केटमध्ये वॉशिंग्टनच्या सफरचंदाचे खोके कमी होत गेले आणि त्यांच्या जागी तुर्कस्तान, इटली, इराण, चिली, न्यूझीलंडचा माल दिसू लागला. २०१८-१९ मध्ये अमेरिकेतून १,२७,९०८ टन सफरचंद आलं होतं, २०२२-२३ मध्ये आलं ४,४८६ टन. हे आकडे तुमच्याच मंत्रालयाने दिलेले आहेत. भारतातला ग्राहक सफरचंद खातच राहिला, व्यापारी विकतच राहिला, आणि वॉशिंग्टन राज्यातल्या बागायतदारांनी एक मोठं गिऱ्हाईक गमावलं. त्यांनी आपल्या लोकप्रतिनिधींमागे धोशा लावला, तो वर्षानुवर्षं लावला. याला म्हणतात दबाव.

बदामाचं उलटं झालं. सोललेल्या बदामावरची ड्युटी किलोला १०० रुपयांची १२० झाली. पण जगातला जवळपास ८० टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतो. त्याऐवजी आणायचं काय? इराण-अफगाणिस्तानचा ममरा वेगळ्या भावाचा आणि वेगळ्या गिऱ्हाइकाचा. बदाम कॅलिफोर्नियातूनच येत राहिला आणि ते किलोमागचे वीस रुपये थोडे व्यापाऱ्याने सोसले, बाकी दिवाळीला पाव किलो बदाम घेणाऱ्या घरांनी भरले. तिकडच्या बागायतदाराला झळ लागली असेल तर ती मामुली. एकाच अधिसूचनेतल्या दोन ओळी होत्या. एकीने समोरच्याला चटका बसला, दुसरीने मुख्यतः आपल्याच माणसांना. फरक एवढाच की सफरचंदाला पर्याय होता आणि बदामाला नव्हता.

चीनने २०१८ च्या जुलैमध्ये अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के ड्युटी लावली, ती अशीच हिशेबाने. ब्राझीलचं सोयाबीन हाताशी होतं. २०२५ मध्येही अमेरिकेच्या नव्या हंगामाचं सोयाबीन चीनने ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत जवळजवळ घेतलंच नाही. ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये दोन्ही अध्यक्ष भेटले तेव्हा सोयाबीनची खरेदी पुन्हा सुरू होणं हा बोलण्याचा मोठा भाग होता. चीनकडे दुर्मिळ खनिजांचंही हत्यार आहे आणि ते आपल्याकडे नाही, हे मला समजतं. त्यांनी निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा आपल्याच वाहन कंपन्यांना मॅग्नेट मिळेनात. पण सोयाबीनचा धडा आपल्या आवाक्यातला आहे. आधी पर्याय उभा करायचा, ड्युटी मग लावायची.

आणि हे काम आपण एकदा केलंही आहे, कदाचित त्याकडे या नजरेने न पाहता. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. त्यात ३४,००० टन बदामाला निम्म्या ड्युटीत प्रवेश मिळाला. आज मसाला मार्केटमध्ये ऑस्ट्रेलियन बदाम ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. तो कॅलिफोर्नियाची जागा पूर्ण घेणार नाही, तेवढा पिकतच नाही. पण त्यांचा हंगाम आपल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो, कॅलिफोर्नियाचा शरदात, आणि तेवढ्याने खरेदीदाराला बोलायला जागा मिळते. प्रत्येक नवा करार करताना ज्या मालासाठी आपण एकाच देशावर अवलंबून आहोत त्याची यादी समोर ठेवली, तर पाच-सात वर्षांनी होणाऱ्या भांडणाची तयारी आजच होईल.

हे सगळं वाशीतल्या कुठल्याही जुन्या व्यापाऱ्याने तुम्हाला चहाच्या एका कपात सांगितलं असतं. म्हणून म्हणते की विचारणं आणि ताकद या वेगळ्या गोष्टी नाहीत. कुठल्या मालाला पर्याय आहे, किती दिवसांत येतो, कुठल्या देशाचा माल दुसऱ्याच्या नावाने फिरवला जाऊ शकतो, हे बाजाराला ठाऊक असतं. अमेरिकेने २०१८ मध्ये चिनी मालावर आपल्या व्यापार कायद्याच्या कलम ३०१ खाली शुल्क लावताना याद्या आधी प्रसिद्ध केल्या, लेखी हरकती मागवल्या, सुनावण्या घेतल्या. युरोपीय आयोगाने मे २०२५ मध्ये आपली संभाव्य यादी लोकांसमोर ठेवली. असं केल्याने त्यांचा धाक कमी झाला नाही. उलट यादी छापून आल्यावर केंटकीच्या मद्य उत्पादकांपासून विमान कंपन्यांपर्यंत सगळे आपापल्या सरकारकडे धावले. यादी आधी जाहीर होणं हाच दबावाचा अर्धा भाग असतो. अट एवढीच की जाहीर केलेली तारीख पाळायची.

रबाळ्याकडे वळते. माझा एक क्लायंट स्टेनलेस स्टीलचे ब्राइट बार (गुळगुळीत, चकचकीत सळया) ओढून निर्यात करतो. २०१८ पासून त्याच्या मालावर तिकडे २५ टक्के लागायचे. २०२३ च्या तडजोडीची बातमी आली तेव्हा त्याने मला विचारलं, आता सुटेल ना? मी नियम वाचला. सूट मागणारा अर्ज निर्यातदाराने करायचाच नव्हता. तो अमेरिकेतल्या खरेदीदाराने तिकडच्या वाणिज्य खात्याकडे करायचा, प्रत्येक मालाच्या मापाप्रमाणे आणि दर्जाप्रमाणे वेगवेगळा. मोठ्या गिरणीकडून हजारो टन घेणारा खरेदीदार त्यासाठी वकील ठेवतो. वर्षाला काही कंटेनर घेणारा म्हणतो, कशाला त्रास, तूच भाव कमी कर. ७० टक्के मंजुरीचं आश्वासन जे अर्ज झाले त्यांच्यापुरतं होतं. जे अर्ज कधी झालेच नाहीत, त्यांचा हिशेब कोण धरणार? चार वर्षं वाशीच्या ग्राहकाकडून किंमत वसूल करून जी सवलत मिळवली, ती रबाळ्याच्या छोट्या कारखानदारापर्यंत पोचली नाही आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्यांच्याही हातून गेली.

त्याच तडजोडीत आपण स्टीलच्या शुल्काविरुद्धची आपली स्वतःची तक्रारही मागे घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये चीन, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तानच्या तक्रारींवर जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हातल्या पॅनेलने तेच शुल्क नियमाविरुद्ध ठरवलं होतं. मान्य की संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे आणि अमेरिकेने तो निकाल जुमानला नाही. पण मिळणारा निकाल बाजूला ठेवताना त्याची वेगळी किंमत मागितली गेली का, हा प्रश्न राहतोच.

पुढचं २०२५ तर ताजं आहे. १२ मार्चपासून सूट न देता स्टील-ॲल्युमिनियमवर सरसकट २५ टक्के. नट, बोल्ट, स्क्रूही त्यात आले. ४ जूनपासून ५० टक्के. ७ ऑगस्टपासून बाकीच्या बऱ्याच मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलाचं निमित्त करून आणखी २५. व्हिएतनाम आणि बांगलादेशाला २० टक्के, आपल्याला ५०. कागदावर हे शुल्क अमेरिकेतला आयातदार भरतो, पण महाप्याच्या कारखान्यात ते ईमेलमधून येतं. खरेदीदार लिहितो, निम्मं तुम्ही सोसा, नाहीतर ऑर्डर होल्डवर. ज्याचं मार्जिन आठ-दहा टक्के आहे तो निम्मं कुठून सोसणार? सप्टेंबरमध्ये माझ्याकडची शिपिंग बिलं किती घटली ते मी रोज पाहत होते. रात्रपाळी बंद झाली, ओव्हरटाइम गेला, कंत्राटी मुलांना दसऱ्यानंतर या असं सांगितलं गेलं.

भारताने मे महिन्यात जागतिक व्यापार संघटनेला कळवलं की स्टील-ॲल्युमिनियमच्या शुल्काला उत्तर म्हणून १.९१ अब्ज डॉलरची ड्युटी वसूल होईल एवढ्या सवलती स्थगित करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत. जुलैमध्ये तो आकडा ३.८२ अब्ज केला. वाहनांबद्दलही वेगळी नोटीस दिली. अमेरिकेने उत्तर दिलं की हे सुरक्षेचं पाऊल आहे, तुम्हाला असा हक्कच नाही. आणि तिथे सगळं थांबलं. २०१८ सारखंच पुन्हा: जाहीर केलं, वापरलं नाही.

मी आज ड्युटी लावा असं म्हणत नाही. २०२४-२५ मध्ये आपण अमेरिकेला ८६.५ अब्ज डॉलरचा माल विकला आणि सुमारे ४५ अब्जांचा घेतला. जो जास्त विकतो त्याच्याकडे मारायला कमी असतं आणि गमवायला जास्त. सरसकट ठोशास ठोसा केला तर सगळ्यात आधी रबाळेच आडवं होईल. हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण त्यावरून गप्प बसावं असं निघत नाही. वापरायची नसलेली धमकी जाहीर करू नका आणि वापरता येईल अशी तयारी ठेवा, असं निघतं. आणि मागण्याआधी देऊ नका, हेही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्थसंकल्पात मोठ्या मोटारसायकलींवरची ड्युटी कमी झाली, मग बर्बन या अमेरिकी व्हिस्कीची १५० वरून १०० टक्क्यांवर आली, १ एप्रिलपासून ऑनलाइन जाहिरातींवरचा ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही गेला. २ एप्रिलला भारतावर २६ टक्के जाहीर झाले. कॅनडाने जूनअखेर बोलणी वाचवण्यासाठी आपला डिजिटल सेवा कर सोडला आणि १ ऑगस्टला त्याच्या वाट्याला ३५ टक्के आले. सवलत चूक की बरोबर हा प्रश्न वेगळा. ती टेबलावर बसण्याआधीच देऊन टाकली, हे मला खटकतं.

युरोपाने २०२१ मध्ये अमेरिकेशी स्टीलवर तडजोड केली तेव्हा बर्बन, मोटारसायकली वगैरेंवरची आपली प्रत्युत्तराची ड्युटी रद्द केली नाही. स्थगित केली, मुदत घालून. त्यामुळे मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने पुन्हा शुल्क लावलं तेव्हा युरोपाच्या कपाटात तयार, कायदेशीर यादी होती. पुढे त्यात भर घालून ९३ अब्ज युरोची यादी केली आणि जुलैच्या समझोत्यानंतर तीही स्थगितच ठेवली, फेब्रुवारी २०२६ पर्यंत. युरोपाने स्वतःच्या मालावर १५ टक्के शुल्क मान्य केलं, तेव्हा या यादीने फार मोठा विजय मिळवला असं मी म्हणणार नाही. पण समोरचा उद्या फिरला तर युरोपाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आपल्याला लागेल, कारण आपण २०२३ मध्ये ड्युटी स्थगित न करता काढूनच टाकली.

अमेरिका असं कलम मान्य करणार नाही, असं तुमच्यातलं कुणी म्हणेल. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने मलेशियाशी केलेला करार पाहा. मलेशियाने अमेरिकेच्या हिताला बाधक असा दुसऱ्या देशाशी करार केला तर करार मोडून पुन्हा शुल्क लावण्याचा हक्क अमेरिकेने स्वतःकडे लिहून घेतला आहे. जे कलम ते स्वतःसाठी मागतात, ते आपण आपल्यासाठी मागायला संकोच का करावा?

आणखी एक उदाहरण ब्राझीलचं, जे मला सगळ्यांत जवळचं वाटतं कारण तोही आपल्यासारखाच, ना फार मोठा ना फार लहान. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध त्याने २००२ मध्ये तक्रार केली, वर्षानुवर्षं लढवली, आणि २००९ मध्ये प्रत्युत्तराची परवानगी मिळवली. मालावर ड्युटी लावली तर ब्राझीलचाच ग्राहक महाग खरेदी करणार होता. म्हणून त्यांनी पेटंट आणि कॉपीराइटचे अधिकार स्थगित करण्याचीही परवानगी मिळवली, आणि मालाच्या यादीवर आपल्या उद्योगांकडून आधी हरकती मागवल्या. एप्रिल २०१० मध्ये, ड्युटी लागण्याच्या तोंडावर, अमेरिका बोलायला आली. वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी द्यायचं तिने कबूल केलं आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला. एकही ड्युटी न लावता! औषधं, सॉफ्टवेअर, चित्रपट यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते उद्योग वॉशिंग्टनमध्ये कापूस उत्पादकांपेक्षा जास्त वजनदार आहेत, हे ब्राझीलने ओळखलं होतं. याच देशाने एप्रिल २०२५ मध्ये प्रत्युत्तराचा स्वतंत्र कायदाही केला. आपल्याकडे सीमाशुल्क दर कायद्यात ड्युटी वाढवण्याचे अधिकार आहेत, पण कुणाला विचारायचं, किती आधी सांगायचं, समुद्रावरच्या मालाचं काय, तडजोडीनंतर ड्युटी रद्द करायची की स्थगित, याचे नियम कुठेही एकत्र लिहिलेले नाहीत. ते लिहा.

आणि पैसा. वाटाघाटीत टिकून राहायचं तर मागे उभी असलेली माणसं टिकली पाहिजेत. चीनने सोयाबीन बंद केलं तेव्हा अमेरिकेने २०१८ आणि २०१९ मध्ये शेतकऱ्यांना मिळून २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. म्हणून ते थांबू शकले. याच महिन्यात मंत्रिमंडळाने २५,०६० कोटींचं निर्यात प्रोत्साहन अभियान आणि २०,००० कोटींची कर्जहमी मंजूर केली, त्याबद्दल मनापासून आभार. पण ऑर्डर थांबलेल्या कारखानदाराला कर्ज मिळालं तरी हप्ता त्यालाच भरायचा आहे. उद्या प्रत्युत्तराची ड्युटी लावावी लागली, तर तिच्यातून जमा होणारी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ज्यांची निर्यात मारली गेली त्यांच्या पगारपत्रकाला थेट हातभार लावा. मसाला मार्केटमधला व्यापारी मला म्हणाला होता, रबाळ्याच्या कारखान्यासाठी जातायत म्हणून सांगितलं असतं तर किलोमागे वीस रुपये मी कुरकूर न करता भरले असते.

शेवटी एक विनंती, जी पूर्ण करायला कुठल्याही देशाची संमती लागत नाही. १६ जून २०१९ पासून सप्टेंबर २०२३ पर्यंत या २८ वस्तूंच्या प्रत्येक बिल ऑफ एंट्रीची ओळन् ओळ कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर आहे. कुठल्या मालावर किती जादा ड्युटी गोळा झाली, कुठल्या देशाचा माल त्याच्या जागी आला, कुठे भाव चढले आणि कुठे नाहीत, हे तुमचे अधिकारी काही आठवड्यांत काढू शकतात. बाजारभावाची नोंद एपीएमसीकडे आहे. स्टीलच्या किती अर्जांना खरंच सूट मिळाली आणि त्यांत लघुउद्योगांचा माल किती होता, ते अमेरिकेकडून मागून घ्या. हा हिशेब नव्या करारावर सही होण्याआधी प्रसिद्ध करा, मराठीतही करा, आणि त्यावर लेखी सूचना पाठवायला आम्हाला तीस दिवस द्या. वाशी आणि रबाळ्याकडून सूचना येतील याची जबाबदारी मी घेते.

आपली,
एक कस्टम्स ब्रोकर
वाशी, नवी मुंबई